आठ अंशांच्या पाण्यात : थंड समुद्रातल्या डायव्हिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझा धाकटा भाऊ कॅनडात व्हँकुव्हर बेटावर राहतो. त्याच्याकडे दोन वेळा शरद ऋतूत राहून मी तिथल्या थंड समुद्रात एकोणीस डाइव्ह केल्या. परत आल्यावर अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या काही शाळा-कॉलेजांत फोटो दाखवले. तेव्हापासून फोनवर प्रश्न येत आहेत, आणि बरेचसे तेच ते आहेत. म्हणून ते इथे एकत्र लिहिले. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॅडम, थंड पाणी म्हणजे नेमकं किती थंड?

डायव्हिंगच्या साहित्याच्या मानकांत १० अंश सेल्सिअसच्या खालचं पाणी थंड धरतात. मी गेले तिथे बारा महिने ७ ते १० अंश असतं. परभणीत जानेवारीच्या पहाटे हवा आठ अंशांवर येते आणि आपण स्वेटर घालून चहा पीत बसतो, म्हणून अनेकांना वाटतं की त्यात काय एवढं. पण हवेच्या मानाने पाणी अंगातली उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. तयारीशिवाय अशा पाण्यात पडलेल्या माणसासाठी एक-दहा-एक हा ठोकताळा सांगतात. पहिलं एक मिनिट धाप आवरण्यात जातं, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात आणि साधारण तासाभरात शुद्ध हरपते. आपण आत तासभर आरामात राहतो ते सूटमुळे (प्रश्न १०).

२. ही जागा आहे कुठे?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबिया प्रांत आहे. त्यातल्या व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाला पोर्ट हार्डी नावाचं छोटं गाव आहे. तिथून बोटीने निघून नायगाय आणि बालाक्लावा या दोन बेटांमधल्या चिंचोळ्या खाडीत जायचं. तिला ब्राउनिंग पास म्हणतात. तिथल्या पाण्यात एक उभा कडा सरळ खाली उतरतो. दौलताबादच्या किल्ल्याचा तासलेला कडा आठवा, तो पाण्यात बुडवा आणि त्यावर बोटभरही जागा मोकळी न सोडता जिवंत रंग चढवा.

थंड पाण्याच्या नावाजलेल्या जागा आणखीही आहेत : स्कॉटलंडचं सेंट अ‍ॅब्स, नॉर्वेतलं गुलेन, दक्षिण आफ्रिकेतल्या फॉल्स बेमधलं केल्पचं (मोठ्या समुद्री शेवाळाचं) जंगल, टास्मानियाचा किनारा. तिथे मी गेलेले नाही, म्हणून खाली जे लिहिलं आहे ते मुख्यतः ब्राउनिंग पासबद्दल आहे.

३. मी विहिरीत पोहायला शिकलोय. तेवढं पुरेल का?

मीही विहिरीतच शिकले. आजोळी अंबाजोगाईजवळच्या मळ्यात मामांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकललं होतं. विहिरीत शिकलेल्याचा मोठा फायदा म्हणजे पायाखाली तळ नसण्याची भीती गेलेली असते. तलावात शिकलेली मुलं खोल भागात कावरीबावरी होतात, आपल्याकडचं लेकरू होत नाही.

पण सुरुवातीच्या कोर्सला न थांबता साधारण २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं आधाराविना तरंगणं लागतं. विहिरीत आपण उड्या मारतो, बुडी घेतो आणि चार हात मारून कठड्याला लागतो. संथपणे लांब पोहायची सवय नसते. जिल्ह्याच्या जलतरण तलावात दोन-तीन महिने तेवढी लावून घ्या. विहिरीतली एक सवय मात्र सोडावी लागते. बुडी घेताना आपण श्वास कोंडतो. स्कूबात, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घेत पाण्याखाली फिरताना, श्वास कधीही कोंडायचा नसतो, कारण वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते.

४. मराठवाड्यातून शिकायला जायचं कुठे?

तारकर्लीला. तिथे एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट आणि अंदमान हेही पर्याय आहेत. पावसाळ्यात कोकणातलं डायव्हिंग बंद असतं, त्यामुळे दिवाळीनंतरचा बेत करा.

भारतात थंड समुद्र नाही, त्यामुळे थंड पाण्याचं शिक्षण तिथेच जाऊन घ्यावं लागतं. इथे कोमट पाण्यात किमान वीस-पंचवीस डाइव्ह करून मगच जावं असं माझं ठाम मत आहे. पाण्यात एका जागी स्थिर तरंगणं अंगवळणी पडलं असेल तर तिथे फक्त सूट नवा असतो. ते आलं नसेल तर सगळंच एकदम नवं होतं आणि डोळ्यांसमोरचा ऑक्टोपससुद्धा दिसत नाही.

घरी करण्यासारखा एक सराव आहे. बादलीत बर्फ टाका, जाड रबरी हातमोजे घाला आणि पाण्याखाली हात ठेवून दप्तराचं बक्कल लावा-काढा. हसू येईल, पण पहिल्या दिवशी बोटं ऐकत नाहीत तेव्हा याचाच उपयोग होतो.

५. एवढ्या थंडीत जीव जगतात तरी कसे? तिथे तर काहीच नसायला हवं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण माझाही हाच समज होता. आपल्या मनात थंडी म्हणजे काहीतरी गोठलेलं, निर्जीव. समुद्रात नेमकं उलट आहे.

शेतीच्या भाषेत सांगते. समुद्रात जे मरतं ते खाली बसतं, म्हणजे सगळं खत तळाशी. उजेड मात्र वरच्या थरात. खत आणि ऊन एकत्र आल्याशिवाय पीक येत नाही. उष्ण प्रदेशात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि झाकणासारखं वरच राहतं, त्यामुळे खालचं नायट्रेट-फॉस्फेट वर येत नाही. म्हणून ते पाणी निळं आणि आरस्पानी दिसतं. त्यात फारसं काही उगवलेलंच नसतं. थंड समुद्रात हे झाकण घट्ट बसत नाही. वारा आणि भरती-ओहोटी पाणी ढवळतात आणि तळाचं खत उन्हात येतं. वसंत आला की सूक्ष्म वनस्पतींचं पीक फोफावतं. पाणी हिरवं, गढुळल्यासारखं दिसतं, ते याच पिकामुळे. ब्राउनिंग पाससारख्या चिंचोळ्या जागेत तर दिवसातून चार वेळा पाणी उलटसुलट धावतं. कड्याला चिकटून बसलेल्या जीवांना जागचं हलावंच लागत नाही, ताट समोरून वाहत जातं.

दुसरं कारण प्राणवायू. पाणी जितकं थंड तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम असतो, तीस अंशांवर जेमतेम ७.६. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यात मासे वर येऊन तोंड वासतात, ते आपण दर वर्षी पाहतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रजातींची नुसती संख्या मोजली तर उष्ण प्रदेशातले प्रवाळ पुढे आहेत. थंड पाण्याची श्रीमंती दाटीची आहे, आणि तिथे जीव आकारानेही मोठे होतात.

६. खाली गेल्यावर पहिल्यांदा काय दिसतं?

पहिल्यांदा हिरवा अंधार. वरचे काही मीटर पेज ओतल्यासारखे असतात. मग केल्पचे दांडे लागतात. हे बुल केल्प तळाला धरून वाढतं, त्याचा दोर तीस मीटरपर्यंत जातो आणि टोकाला हवेने भरलेला गोळा तरंगतो. एवढं सगळं एका हंगामात वाढतं.

पंधरा मीटरवर दिवा लावला आणि कडा उजळला. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विझतो, त्यामुळे दिव्याशिवाय सगळं राखाडी-हिरवं दिसतं. दिवा लावताच मऊ प्रवाळांचा कुंकवासारखा लाल पसरला. मध्ये पांढऱ्या प्लुमोज अ‍ॅनिमोनींचे ताटवे होते. प्रत्येक जण फुलकोबीचा गड्डा लांब दांड्यावर लावावा तसा. त्यातली मोठी जात मीटरभर उंच होते. ही फुलं नाहीत, प्राणी आहेत. वाहत्या पाण्यातले कण पकडून खातात. मी मास्कमध्ये रडले. मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून काढायला शिकवलेलं असतं, ते कामी आलं.

७. ऑक्टोपस खरंच एवढा मोठा असतो का? हल्ला करतो का?

तिथला जायंट पॅसिफिक ऑक्टोपस हा जगातला सगळ्यात मोठा ऑक्टोपस आहे. वाढलेला प्राणी साधारण पंधरा किलोंच्या पुढे भरतो आणि पसरलेल्या बाहू चार मीटरपर्यंत जाऊ शकतात. मादीच्या एका बाहूवर सुमारे २८० चूषक असतात. आठ बाहूंचा हिशेब केला तर सव्वादोन हजार. प्रत्येक चूषकाला स्पर्शही कळतो आणि चवही. ऑक्टोपसच्या मज्जापेशींपैकी सुमारे दोन तृतीयांश या बाहूंमध्ये असतात. हात स्वतःच विचार करतात म्हणा ना. हृदयं तीन, आणि रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांब्यावर चालणारं हिमोसायनिन असतं.

त्याला शोधायचं तर त्याला शोधू नका, उकिरडा शोधा. कपारीच्या तोंडाशी खेकड्यांच्या पाठी आणि शिंपल्यांची टरफलं साचलेली दिसली की घरमालक आत आहे. आमच्या गाइडने अशाच एका ढिगाकडे बोट केलं. मी दिवा तिरका धरला. आत विटकरी रंगाची, सुरकुतलेली कातडी एका लयीत फुगत होती आणि बसत होती. मग एक डोळा उघडला. आडवी, काळी फट. तो माझ्याकडे बघत होता, आणि बघणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी वेगळ्या तऱ्हेने कळलं. तीन-चार मिनिटांनी एक बाहू हळूच बाहेर आली. टोकाने तिने माझ्या हातमोज्याची एक बाजू चाचपली, चव घेतली आणि मागे गेली. निओप्रिन (हातमोज्याचं रबर) खाण्यासारखं नाही हे तिला समजलं असावं.

हल्ला म्हणाल तर तो लाजाळू आहे. कधीतरी कुतूहलाने मास्क किंवा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाला पोचवणारं साधन) धरतो. तेव्हा ओढाताण करायची नाही, स्थिर राहायचं, बडीला (जोडीदार डायव्हरला) खूण करायची. त्याला कपारीतून बाहेर काढायचा प्रयत्न करणारा कुणीही असो, गाइड असला तरी, त्याला थांबवा.

८. फोटोतला तो म्हाताऱ्या तोंडाचा साप कोणता?

तो साप नाही, आणि नावात ईल असूनही खरा ईलही नाही. वुल्फ ईल हा मासा आहे, अडीच मीटरच्या जवळपास लांब होतो. जाड ओठ, सुरकुतलेला राखाडी चेहरा. पारावरचे आजोबा कपारीतून डोकावत आहेत असंच वाटतं. जबडा मात्र समुद्रातल्या साळूचं (सी अर्चिनचं) काटेरी कवच फोडणारा आहे. नर-मादी एकाच कपारीत वर्षानुवर्षं राहतात आणि अंड्यांच्या गोळ्याभोवती आळीपाळीने वेटोळं घालून बसतात. काही ठिकाणी डायव्हर त्यांना हाताने खाऊ घालतात. ते करू नये. माणूस दिसला की खाणं मिळतं अशी सवय लागलेला मासा मग बोटांनाही खाणं समजतो.

९. सगळ्यात विचित्र जीव कोणता वाटला?

मोठे नव्हेत, छोटेच.

ग्रंट स्कल्पिन हा बोटभर मासा बार्नेकलच्या (खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवाच्या) रिकाम्या कवचात राहतो. तोंड बाहेर करून बसला तर मिटलेल्या बार्नेकलसारखा दिसतो, शेपटी बाहेर काढली तर उघडलेल्या. पोहण्यापेक्षा कल्ल्यांजवळच्या परांच्या काड्यांवर टणटण चालतो.

स्पायनी लम्पसकर बहुधा लिंबाएवढाही नसतो. पोटाखालच्या परांची चकती झालेली, तिने केल्पच्या पानाला चिकटून बसतो. प्रवाह आला की डोळे फिरतात, बाकी काही हलत नाही.

आणि मेलिबे. ही शंख नसलेली गोगलगाय, काचेसारखी पारदर्शक. डोक्याला टोपलीसारखी झालर असते. ती पाण्यात फेकून मिटायची आणि सापडलेलं गिळायचं, कोळ्याच्या फेकजाळ्यासारखं. तिच्या अंगाला टरबुजाचा वास येतो. वास पाण्याबाहेर काढल्यावर कळतो, म्हणून मी तो घेतलेला नाही. पण नदीपात्रातल्या टरबुजांच्या वाड्या पाहत वाढलेल्या माणसाला आठ अंशांच्या समुद्रात हा वास असतो हे ऐकूनच कसंसं झालं.

काही जण सी एंजलबद्दल विचारतात. पंख हलवत पोहणारी ती पारदर्शक गोगलगाय म्हणजे क्लायोनी. रशियाच्या श्वेत समुद्रात बर्फाखाली डायव्हर तिच्यासाठी जातात. मला दिसली नाही. दिसायला देवदूत असली तरी खाणं एकच, सी बटरफ्लाय नावाची दुसरी गोगलगाय. डोक्यातून सहा बाहूंसारखे अवयव झपकन बाहेर काढून ती तिला पकडते आणि कवचातून ओढते. प्रयोगशाळेत ती न खाता सुमारे वर्षभर जगली आहे.

१०. ड्रायसूट म्हणजे काय? वेटसूटपेक्षा वेगळा कसा?

तारकर्लीला घालतात तो वेटसूट. त्यात पाणी शिरतं, अंगाने तापतं आणि तेवढी ऊब मिळते. ड्रायसूटमध्ये पाणी शिरतच नाही. मान आणि मनगटांपाशी रबराच्या घट्ट पट्ट्या असतात, आत हवा असते. त्याखाली जाड अस्तराचे कपडे घालायचे. ती गोधडीच समजा. गोधडीही ऊब देते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. आत सुती कपडा मात्र नको, घाम धरून ठेवतो आणि मग गार पडतो. लोकर किंवा फ्लीस.

दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि सूटमधली हवा निम्मी आकसते. कातडीला चिमटे बसायला लागतात. म्हणून छातीवरच्या बटणाने सूटमध्ये हवा सोडायची आणि वर येताना दंडावरच्या व्हॉल्व्हने काढायची. एवढ्या हवेमुळे माणूस तरंगतो, त्यामुळे शिसंही जास्त लागतं. मला तारकर्लीच्या जवळजवळ दुप्पट लागलं.

११. मंगळसूत्र, बांगड्या, लांब केस, मिशी… यांचं काय?

बायका हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मोकळेपणाने लिहिते. बांगड्या, घड्याळ, अंगठ्या काढाव्याच लागतात. मनगटाची रबरी पट्टी काचेच्या एका कडेने फाटते. मंगळसूत्र गळ्याच्या पट्टीखाली आलं तर तिथून पाणी शिरतं. मी ते काढून बोटीवर डबीत ठेवलं. सासूबाईंना आधीच सांगितलं होतं, त्या म्हणाल्या, “जीव महत्त्वाचा, घरी आल्यावर घाल.” वेणी उंच बांधून टोपीत घालायची. एक केस पट्टीखाली आला तरी थेंब थेंब गळतं. पुरुषांच्या भरघोस मिशीमुळे मास्क गळतो. नाकाखालचा वरचा काठ थोडा कापला तर मास्कची कड कातडीवर बसते.

१२. तासनतास सूटमध्ये… लघवीचं काय?

थंडीत आणि पाण्यात शरीर जास्त लघवी तयार करतं, त्यामुळे प्रश्न खरा आहे. पुष्कळ डायव्हर प्रौढांचे डायपर वापरतात, काही सूटना नळी आणि व्हॉल्व्ह असतो. या भीतीने पाणी पिणं बंद करू नका. अंगातलं पाणी कमी झालं की डीकम्प्रेशनचा, म्हणजे अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा (प्रश्न २०), धोका वाढतो.

१३. रेग्युलेटर गोठतो म्हणतात, ते कसं?

पंक्चरच्या दुकानात ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हला बोट लावून बघा, गार लागतं. दाबातली हवा मोकळी होताना थंड होते. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बारचा दाब असतो, त्यामुळे ही थंडी इतकी होते की आजूबाजूचं पाणी आठ अंशांवर असतानाही आतल्या भागावर बर्फ धरू शकतो. मग झडप उघडीच राहते आणि हवा भसाभसा सुटते. श्वास बंद होत नाही, पण सिलिंडर काही मिनिटांत संपतो.

माझ्याबाबतीत हे सहाव्या डाइव्हला झालं. भाड्याने घेतलेल्या रेग्युलेटरची देखभाल नीट झालेली नव्हती. अठरा मीटरवर होतो. मी ओठ सैल ठेवून वाहत्या हवेतून श्वास घेतला, बडीला खूण केली, त्याचा जोड रेग्युलेटर घेतला आणि आम्ही सावकाश वर आलो. घाबरले होते. पण हा सराव आदल्याच दिवशी उथळ पाण्यात तीनदा केला होता, त्यामुळे हात चालले.

काळजी अशी : थंड पाण्यासाठीच बनवलेला रेग्युलेटर घ्यायचा, बोटीवरच्या गार हवेत त्यातून उगाच श्वास घ्यायचा नाही, सूटमध्ये हवा भरताना बटण दाबून धरायचं नाही, आणि देखभालीची तारीख विचारायला लाजायचं नाही.

१४. सूट फाटला किंवा पाय वर झाले तर?

थोडं गळणं नेहमीचं आहे. बाही ओली होते, थंडी वाजते, डाइव्ह संपवायची. मोठी गळती झाली तर सूटमधली हवा जाते, तेव्हा तरंगण्यासाठी बीसीडी (हवा भरायचं जाकीट) असतो. पाय वर होणं जास्त धोक्याचं. हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन फुग्यासारखा वर खेचला जातो. गुडघे छातीशी घेऊन कोलांटी मारायची आणि सरळ होताच दंडाच्या व्हॉल्व्हने हवा सोडायची. हे शिकवल्याशिवाय खोल पाण्यात उतरवणाऱ्या माणसाबरोबर जाऊ नका.

१५. प्रवाह एवढा जोराचा, मग उतरता कधी?

भरती आणि ओहोटीच्या मध्ये पाणी थोडा वेळ थांबतं, तेवढ्यातच. ही वेळ कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. ती भरतीच्या तक्त्यातल्या पूर्ण भरतीच्या वेळेशी जुळेलच असं नाही. अरुंद खाडीत ती बरीच पुढे-मागे असते, म्हणून प्रवाहाचे तक्ते वेगळे असतात. शेवटी कप्तान केल्पकडे बघतो. आडवं पडलेलं केल्प उभं राहायला लागलं की “चला” म्हणतो.

१६. काही डसतं का?

लायन्स मेन जेलीफिश. हिच्या तंतूंचे तुकडे पाण्यात तरंगत असतात आणि सूट झाकत नाही ती जागा म्हणजे ओठांभोवतीची. लालसर चट्टे उठतात, काही तासांत जातात. खरी चूक वर आल्यावर होते. हातमोज्याला, दोराला तुकडे चिकटलेले असतात आणि आपण त्याच हाताने डोळे चोळतो. १८६५ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागलेल्या एका लायन्स मेनचे तंतू सुमारे ३६ मीटर लांब भरले होते.

१७. चोवीस हातांचा तारामासा दिसला का?

एकच, तोही माझ्या तळव्याएवढा. सनफ्लॉवर सी स्टारला चोवीसपर्यंत बाहू असतात आणि तो मीटरभर रुंद व्हायचा. भावाच्या ओळखीचे जुने डायव्हर सांगतात की पूर्वी ते जिकडेतिकडे असत. २०१३ पासून एक साथ आली. बाहू गळून पडतात आणि काही दिवसांत प्राण्याचा चिखल होतो. मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत नव्वद टक्क्यांच्या आसपास संपले. २०२० मध्ये ही जात अतिसंकटग्रस्त ठरली. कारण २०२५ मध्ये सापडलं : व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा जिवाणू, कॉलऱ्याच्या जिवाणूच्या गोतातला.

हा तारामासा समुद्री साळूंना खायचा. तो गेल्यावर साळू वाढल्या आणि त्यांनी अनेक ठिकाणी केल्प मुळापासून कुरतडलं. एका डाइव्हला मला असा उजाड तळ दिसला, दगड आणि साळू, बाकी काही नाही. टोळधाड गेल्यावरचं शिवार असंच दिसत असेल.

१८. बीपी किंवा शुगर आहे. जमेल का?

हे फोनवर सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. कोर्सआधी प्रकृतीची प्रश्नावली भरावी लागते, ती खोटी भरू नका. थंड पाण्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडे जातं आणि रक्तदाब वाढतो. ज्यांचा रक्तदाब आधीच जास्त आहे त्यांच्या फुप्फुसांत पाण्यातच द्रव साचण्याचा प्रकार घडू शकतो. डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवा. दमा, हृदयविकार आणि कानाचं ऑपरेशन झालेल्यांनीही.

१९. जायकवाडीत सराव केला तर?

नाथसागरावर हक्काने मन जातं, पण नको. पाणी गढूळ, मासेमारीची जाळी सोडलेली, आणि परिसर पक्षी अभयारण्याचा. शिवाय कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट : धरण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटरवर असते. ३०० मीटरच्या वर केलेली डाइव्ह उंचीवरची डाइव्ह धरतात. तिथे हवेचा दाब कमी असल्याने समुद्रासाठीचे तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत.

२०. मालवणला डाइव्ह करून त्याच रात्रीच्या गाडीने लातूरला निघालो तर चालेल ना?

याचं उत्तर बहुतेकांना धक्का देतं : नाही. डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये हे सगळ्यांना माहीत असतं. दाब कमी झाला की अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबायचं असा नियम आहे. पण हा नियम सुमारे ६०० मीटरपासून पुढच्या उंचीला लागू होतो, मग ती विमानात असो की रस्त्यावर. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, बाकीच्या घाटांचे माथेही फार खाली नाहीत. कोकणच्या लोकांना हा प्रश्न येत नाही, ते डाइव्ह करून घरी जातात. आपल्याला घाट चढल्याशिवाय घर नाही. सकाळी डाइव्ह करा, रात्री मालवणलाच मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघा. आमचा एक विद्यार्थी आता पुढच्या पिढीला हे सांगतो, त्याचं मला फार बरं वाटतं.

२१. आइसलँडचं सिल्फ्रा यातच येतं का?

पाणी थंड आहे, २ ते ४ अंश, आणि शंभर मीटरच्या आसपास दिसतं. पण ते हिमनदीचं गोडं पाणी आहे आणि तिथे प्राणी जवळजवळ नाहीत. दोन भूखंडांच्या तबकड्यांमधली भेग बघायला लोक जातात. जीव बघायचे तर ती जागा नव्हे (आरस्पानी पाण्यात फारसं काही उगवलेलं नसतं, प्रश्न ५).

२२. खर्च?

सगळ्यात मोठा भाग विमानाचं तिकीट आणि व्हिसा. सूट विकत घेऊ नका, भाड्याने मिळतो. माझी राहायची सोय भावाकडे होती, म्हणून माझा आकडा तुमच्या कामाचा नाही.

२३. “बाई, ऑक्टोपसला थंडी वाजत नाही का?”

हा प्रश्न परभणीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या पाचवीच्या मुलीने विचारला. मी उत्तर देताना थबकले, कारण तो आतापर्यंतचा सर्वांत चांगला प्रश्न होता.

वाजत नाही, कारण त्याच्या अंगाचं तापमान पाण्याइतकंच असतं. आपण सदतीस अंश राखायला धडपडतो, त्याला राखायचं काही नसतं. थंडीचा परिणाम मात्र होतो, सगळं सावकाश चालतं. मादी कपारीच्या छताला तांदळाच्या दाण्याएवढ्या हजारो अंड्यांच्या माळा टांगते. पाणी थंड म्हणून ती उबायला सहा महिने किंवा त्याहून जास्त लागतात. तोवर ती खात नाही. अंड्यांवर पाणी फुंकत राहते, चूषकांनी त्यांच्यावरची घाण पुसते. पिल्लं निघाली की थोड्या दिवसांत ती मरते.

माझ्या शेवटच्या डाइव्हला गाइडने अशी एक कपार लांबूनच दाखवली. बाहेर उकिरडा नव्हता, टरफलांवर गाळ बसला होता. आत पांढुरक्या माळा हलत होत्या. त्याने हाताने दिवा झाकला, मीही झाकला, आणि आम्ही मागे फिरलो.